मदत हवी आहे: पिअर्सिंगसाठी घरच्यांना कसं पटवू?? रविवारच्या आत सांगा

चमकी०७
हाय सगळ्यांना, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मला पिअर्सिंग करायचंय आणि मम्मी ऐकूनच घेईना. विषय काढला की फोन पप्पांकडे देते, पप्पा म्हणतात मम्मीला विचार, पंधरा दिवस झाले हेच चालू आहे. माझ्यासोबतच्या दोघी रविवारी जायलेत, तिघी गेलो तर स्टुडिओवाला पैसे कमी घेणार आहे, पण त्याला पालकांची सही लागते. काय बोललं की हो म्हणतील ते प्लीज सांगा. आणि "आईवडिलांचं ऐकावं" असलं सांगू नका, ते मला माहितीये.

दोन_पोरींची_आई
अगं पण काय टोचायचंय? कुठे? वय किती तुझं? यातलं काहीच लिहिलं नाहीस. कान म्हणालीस तर माझं उत्तर वेगळं, जीभ-बेंबी म्हणालीस तर वेगळं.

लक्ष्मीरोडकर
नाकच असणार, हल्ली पुन्हा फॅशन आलीय. माझं ऐक, स्टुडिओबिडिओच्या नादी लागू नकोस, घरच्या सोनाराकडे आईला घेऊन जा. आपल्याकडे डावं नाक टोचतात, नथ त्याच बाजूला घालतात, त्यामुळे उजवं अजिबात करू नकोस, लग्नात पंचाईत होते. माझ्या वहिनीने हौसेने उजवं टोचून घेतलं आणि लग्नात शेवटी चापाची नथ लावावी लागली, ती जेवताना दोनदा ताटात पडली. सोनार बारीक सोन्याची तारच घालतो.

चमकी०७
नाक नाही!!! नाक आठवीतच टोचलंय, आजीनेच सोनाराकडे नेलं होतं. कान. वरचा. हेलिक्स म्हणतात ते, दोन, आणि एक ट्रॅगस म्हणजे कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तिथे. वय १७ पूर्ण. नाकाला कुणी काही बोललं नाही मग कानाला काय झालं हेच मला कळेना.

पेठेतला_बाप
मुलांनीही कान टोचावा की. आमच्या ढोलपथकात निम्म्या पोरांच्या कानात भिकबाळी आहे. माझ्या मुलाने दहावीनंतर मागितली, मी लगेच नेलं. खरी भिकबाळी उजव्या कानात वरच्या बाजूला असते, पाळीत नाही, आजकालची पोरं कुठेही अडकवतात. मूल जगत नसलं की भीक मागून आणलेल्या पैशाची बाळी त्याच्या कानात घालायचे, म्हणून भिकबाळी, असं आमचे आजोबा सांगायचे. दोन मोती आणि मध्ये लाल खडा. फोटो हवा असेल तर टाकतो.

दोन_पोरींची_आई
दादा, ती मुलगी आहे आणि तिने भिकबाळीचं विचारलेलं नाही.

ओपीडी_सिस्टर
मी कान-नाक-घशाच्या ओपीडीत अकरा वर्षं काम करते, म्हणून मला बोलू दे. पाळी आणि वरचा कान हे दोन वेगळे प्रकार आहेत. पाळी मऊ असते, रक्तपुरवठा चांगला, सहा ते आठ आठवड्यांत बरी होते. वरचा कान म्हणजे कूर्चा, कडक पण वाकणारा भाग. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. तिथे जंतू शिरून पू झाला की आवरण सुटतं आणि खालची कूर्चा मरते. मग कान चुरगळल्यासारखा होतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आमच्याकडे अशी एक कॉलेजची मुलगी आलेली, कान टोमॅटोसारखा लाल, नुसता वारा लागला तरी कळवळायची. गनने टोचून घेतलं होतं. गन बोथट टोक जोर लावून घुसवते, आणि प्लॅस्टिकची असल्यामुळे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, नुसती स्पिरिटने पुसतात. पोकळ सुई, नवीन, तुझ्यासमोर पाकीट फोडलेली, एवढं नसेल तर तिथून उठून ये. तुझा तो माणूस सुई वापरतो की गन?

चमकी०७
विचारलं नाही. मैत्रीण म्हणाली टक करून होतं, दुखत नाही.

ओपीडी_सिस्टर
"टक" म्हणजे गनच.

कडुलिंब
डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. आमच्या सगळ्या बहिणींचे कान वरपर्यंत टोचलेत, कडुनिंबाची काडी घातली, हळद आणि खोबरेल तेल लावलं, कुणाला काही झालं नाही. फक्त काडी रोज फिरवायची म्हणजे चिकटत नाही.

ओपीडी_सिस्टर
अजिबात फिरवू नका. फिरवलं की आतली नवीन कातडी दर वेळी फाटते आणि बाहेरची खपली आत जाते. तेलाने भोक बुजतं, घाण आत कोंडते. दिवसातून दोनदा सलाईनने धुवायचं, मेडिकलमध्ये मिळतं, आणि बाकी वेळ हात लावायचा नाही. बीटाडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नको.

कडुलिंब
आमच्या आजीने सलाईन बघितलं नव्हतं आणि ब्याण्णव वर्षं जगली.

विदर्भातला_मामा
अबे किती भांडाल. पोरीनं विचारलं काय न् तुमी सांगता काय. बाई, मित्राच्या मोठ्या भावाला न्या न् पालक म्हणून सही मारा, कोन बघते.

दोन_पोरींची_आई
हे भलतं शिकवू नका हो. कान पिकला तर त्या भावाला फोन करायचाय का दवाखान्यातून? आणि खोटी सही उघडकीला आली तर पुढची दोन वर्षं घरी एका शब्दावर विश्वास बसणार नाही. चमकी, हे करू नकोस. बरं, १७ म्हणजे बारावी ना? घरीच असतेस?

चमकी०७
हो बारावी. लातूरला हॉस्टेलवर आहे, क्लास लावलाय नीटचा, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा. घर कंधारकडे. पण त्याचा इथे काय संबंध?

रिपीटर_२३
संबंध आहे!! हे आधी सांगायचं ना. मी २०२३ ला नीट दिली. गेटवर दागिना चालत नाही, कानातलं नाही, चमकी नाही, काही नाही, फुल बाह्या आणि बूटसुद्धा नाही. माझी चमकी निघेना, एक मॅडम साबणाचं पाणी लावून काढत होत्या, दीड वाजता गेट बंद होतं आणि मी एक दहाला तिथे रडत उभी. पहिले वीस मिनिटं नाक ठणकत होतं, फिजिक्सचा पहिला प्रश्न तीनदा वाचला. आणि माझं नाक तर जुनं टोचलेलं. तुझी जुनी चमकीसुद्धा आठवडाभर आधीच काढून घालून बघ, सैल कर.

ओपीडी_सिस्टर
बरोबर. आता डिसेंबर, पेपर मेच्या सुरुवातीला, म्हणजे पाच महिने. वरचा कान बरा व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. पेपरच्या दिवशी काढलंस की कच्चं भोक काही तासांत आवळायला लागतं, रात्री जबरदस्तीने घातलंस की जखम पुन्हा नवी. आणि तीन एकाच कानाला एकदम, मग झोपणार कुठल्या कुशीवर? लातूरला मुली स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात ना, तो रोज सोडताना टिकलीत अडकणार. मी अशी फाटलेली भोकं बघितलीत.

खडा_बघू
प्लॅस्टिकची पारदर्शक काडी मिळते, रिटेनर म्हणतात, ती घाल पेपरला. लांबून दिसत नाही.

रिपीटर_२३
आणि कुणाला दिसली तर? गेटवर वाद घालत बसायचं? दोन वर्षं अभ्यास केलाय तिने.

लक्ष्मीरोडकर
चापाची बुगडी घे, विषय संपला. टोचायचं नाही, दुखायचं नाही, गणपतीत घाल, काढून ठेव.

चमकी०७
मला चापाचं नकोय. तुम्ही सगळे बरोबर असाल पण मला एक वर्ष झालं हेच पाहिजे आहे. सकाळी सहाला उठायचं, क्लास, टेस्ट, रात्री अकराला झोपायचं, सगळ्या मुली सारख्या, वेणी सारखी, बॅग सारखी, टेस्टच्या यादीत नावसुद्धा नाही, रोल नंबर. आरशात बघितल्यावर एक तरी गोष्ट मी ठरवलेली दिसावी एवढंच आहे. त्याला लगेच "वळण बिघडलं" म्हणतात.

दोन_पोरींची_आई
हे तू आईला असंच सांगितलंस का? की नुसतं "करू दे ना"? आणि ती नाही म्हणते तेव्हा नेमके शब्द काय असतात?

चमकी०७
"तुला शिकायला पाठवलंय, नटायला नाही" म्हणते. आणि एकदा म्हणाली, तुझ्या काकांना काय तोंड दाखवू. काकांचं म्हणणं होतं गावातच ज्युनियर कॉलेज आहे, पोरीला एवढ्या लांब ठेवायचं नाही. मम्मी सगळ्यांशी भांडली माझ्यासाठी. फीचे पैसे पण मामाकडून तिनेच आणले. हे आत्ता लिहिताना मला वाटायलंय की ती कानाला नाही म्हणतच नाहीये.

दोन_पोरींची_आई
हेच विचारत होते. ती संक्रांतीला तुला गावी बघेल तेव्हा तुझ्याआधी काका तुझा कान बघतील. तिने तुझ्यासाठी जे भांडण जिंकलंय ते तिला तीन टिकल्यांसाठी पुन्हा लढायला लावायचंय का, आणि तेही बारावीत? रविवारी सही मागू नकोस. पेपरनंतरची तारीख माग आणि तिला सोबत ने. माझ्या मोठीने असंच केलं, मी स्वतः गेले, हात धरून बसले.

पेठेतला_बाप
आणि काकांना विचारा, बुगडी कुठे घालतात? वरच्या कानातच ना? आपल्या बायका शेकडो वर्षं वरचा कान टोचतायत, फक्त तेव्हा हेलिक्स म्हणत नव्हते.

चमकी०७
हे माझ्या डोक्यातच आलं नाही!! आजीच्या कानाला वर भोकं आहेत. दोन्ही कानांना. मोठी, ज्वारीचा दाणा जाईल एवढी. लहानपणी मी त्यात काडी घालायचे. तिच्या बुगड्या ७२ च्या दुष्काळात मोडल्या, मोठ्या पप्पांच्या दुधासाठी, असं सांगते ती. मग परत केल्याच नाहीत. आता फोन करते.

कडुलिंब
आजीला विचार काडी कशाची घातली होती.

चमकी०७
(सोमवार) रविवारी गेले नाही. मैत्रिणी गेल्या, एकीचा कान आज सुजलाय, सिस्टर तुम्ही सांगितलेलं सगळं तिला दाखवलं, ती संध्याकाळी डॉक्टरांकडे जाणार आहे.
आजीने फोन स्पीकरवर टाकला. मी म्हटलं वरचा कान टोचायचाय. आजी म्हणाली, मला बारा वर्षाची असताना टोचलं, सहा महिने त्या कुशीवर झोपता आलं नाही, दळताना घाम गेला की आग व्हायची. मला वाटलं संपलं. मग म्हणाली, पण बुगडी घातली की लई छान दिसायचं गं. मम्मी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली पेपर होऊ दे, मी लातूरला येते, तो माणूस सुई कुठून काढतो ते मला दाखव. काकांचं मी बघते म्हणाली.
कडुलिंब, काडी ज्वारीच्या फणकटाची होती.
सिस्टर, स्टुडिओवाल्याला काय काय विचारायचं ते परत एकदा सांगा, वहीत लिहून ठेवते.

ओपीडी_सिस्टर
सुई की गन. पाकीट माझ्यासमोर फोडणार का. हातमोजे नवीन का. दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा का, कारण बाजारातल्या बऱ्याच खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि कान चिघळतो. दांडी थोडी लांब का, सूज येते म्हणून. आणि पहिल्यांदा एकच टोच, तिन्ही नाही. जखमेचा व्रण फुगण्याची कुणाला घरात सवय असेल तर तेही आधी आईला विचार.

चमकी०७
थँक्यू. एक राहिलं. ट्रॅगसचं मी बोललेच नाही, नुसतं "वरचा कान" म्हटलंय. ते मे महिन्यातच सांगू का?

दोन_पोरींची_आई
नाही गं. आजच सांग. ती एवढ्या लांबून येणार आणि फॉर्मवर सही करताना तिला कळणार, असं नको व्हायला.