हाऊसिंगमध्ये दोन थेंब: ओ-रिंग गेली की माझं काही चुकतंय?

येऊरपायथा
मंडळी, एक टफ कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि त्याचं पॉलीकार्बोनेटचं (कडक प्लॅस्टिकचं) हाऊसिंग आहे, म्हणजे पाण्याखाली कॅमेरा ठेवायची बंद पेटी, ४० मीटर खोलीपर्यंत चालणारी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, चर्चा तिकडे वळायला नको. ठाण्यात तरण तलावात पाऊण तास वापरलं, खोली जास्तीत जास्त दीड मीटर. बाहेर काढलं तर मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात दोन थेंब आणि पुढच्या काचेला आतून वाफ. कॅमेरा स्वतःच वॉटरप्रूफ, म्हणून बचावला.

डिसेंबरात मालवणला डायव्हिंग आहे. ही नुसती वाफ की लीक? ओ-रिंग, म्हणजे दाराच्या कडेने बसणारं, पाणी अडवणारं रबरी कडं, दोन वर्षांची आहे, डोळ्यांना चांगली दिसते, तरी बदलायची का? ग्रीस संपलंय, घरात व्हॅसलिन आहे आणि प्लंबरने ठेवून गेलेलं सिलिकॉन ग्रीस आहे, त्यातलं कुठलं चालेल? आणि तशीच रिंग मस्जिद बंदरला नागदेवीत मिळेल का?

खाडीपूल
वाफ आणि थेंब वेगवेगळे धरा. ३० अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. कॅमेरा ठेवल्यावर आत अर्धा लिटर हवा उरते असं धरलं (एवढीही नसेल) तरी पाणी झालं १५ मिलिग्रॅम. एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे आतली सगळी वाफ गोळा केली तरी एक थेंब भरत नाही. कॅमेरा धुऊन ओलाच आत ठेवला असेल तर बटणांच्या फटीतलं आणि बॅटरीच्या झाकणाच्या कडेचं पाणी ओघळू शकतं. तसं नसेल तर ते दोन थेंब बाहेरूनच आलेत.

रिंगला दोष देण्याआधी पाणी शिरतंय कुठून ते शोधा. टिश्यूच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. मुलांच्या साध्या स्केचपेनने, म्हणजे पाणी लागलं की पसरणाऱ्या शाईने, प्रत्येक पट्टीवर एक निळी रेघ ओढा. दाराच्या आतून चारही कडांना, रिंगच्या आतल्या बाजूला, या पट्ट्या कागदी चिकटपट्टीने लावा. बटणांच्या दांड्यांखाली एकेक, पुढच्या काचेच्या कडेला एक. पट्टीचं टोक रिंगखाली गेलं तर चाचणीच गळेल, तेवढं सांभाळा. कॅमेरा अर्थातच बाहेर.

मग बादलीत बुडवा. रिकामं हाऊसिंग उसळी मारून वर येतं, म्हणून वर वजन हवं. वरवंटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला की काम होतं. (पाण्याने भरलेली बाटली ठेवू नका, पाण्यात तिला वजन उरत नाही.) अर्धा तास. त्यात प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा. सुरुवातीला लॅच (दार बंद करायचा खटका) आणि बिजागरीच्या सांदीतले बुडबुडे सुटतात ते सोडून द्या. एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर ती जागा गळते. बाहेर काढा, पूर्ण कोरडं पुसा, दाराच्या कडेचं पाणी फुंकून काढा आणि मगच उघडा, नाहीतर उघडताना ओघळलेल्या थेंबाला लीक समजाल. ज्या पट्टीची शाई पसरली ती जागा.

दीड मीटरवर गळालं म्हणून ४० मीटरवर काय होईल, असा विचार करत असाल तर तो उलटा आहे. दर १० मीटरला दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो. दार १० बाय १३ सेंटिमीटरचं धरा: १० मीटरवर पाणीच त्याला बाहेरून १३० किलोने दाबून धरतं. दीड मीटरवर हाच जोर वीसच्या आत, बाकी सगळी भिस्त लॅचवर. रिंगखाली केस असला तर पाणी याच उथळ भागात शिरतं. म्हणून पाण्यात शिरताना उडी मारू नका, कॅमेरा हातात घेऊन तर नाहीच. आधी अर्धा मीटर खोल धरून मिनिटभर थांबा, आत बघा, मग खाली जा.

सेक्टर_पंधरा
वरच्याशी सहमत. ग्रीसबद्दल माझ्याकडून.

ग्रीस पाणी अडवत नाही. पाणी अडवते ती दाबलेली रिंग. ग्रीस एवढ्यासाठीच, की दार बंद होताना रिंग कोरडी घासून पिळली जाऊ नये, आपल्या जागी सरकून बसावी. हे डोक्यात नसलं की माणूस जाड थर चोपडतो आणि तो थर धूळ, केस, वाळू सगळं पकडून ठेवतो. पूर्ण रिंगला तांदळाच्या दाण्याएवढं पुष्कळ झालं. दोन बोटांच्या मधून न ताणता दोन-तीनदा फिरवा. रिंग ओली चमकायला हवी. पांढरे गोळे दिसले तर जास्त झालं, पुसा.

व्हॅसलिन नको. ते खनिज तेलातून येतं. सिलिकॉन रबर आणि ईपीडीएम (हाही रबराचाच प्रकार) त्याने फुगतं, मऊ पडतं. काळ्या नायट्राइल रबराला तेल सोसतं, पण तुमची रिंग कशाची आहे हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. प्लंबरचं ग्रीस नायट्राइलला चालतं; रिंगच सिलिकॉनची असेल तर साधं सिलिकॉन ग्रीस तिलाही फुगवतं. फुगलेली रिंग खोबणीत मावत नाही, एका ठिकाणी लाट येते आणि तिथेच दार तिला चिमटतं. हाऊसिंगच्या डब्यात आलेली ट्यूब त्या रबराला जुळवूनच दिलेली असते, तीच मागवा. शंका असेल तर जुनी रिंग कापून एक तुकडा ग्रीसमध्ये आठवडाभर ठेवा आणि दुसऱ्या कोरड्या तुकड्याशी व्हर्नियरने जाडी ताडून बघा.

रिंग काढताना सुई, टाचणी, चाकू काही नको. दोन अंगठ्यांनी रिंग एकमेकांकडे ढकला, मध्ये कमान उठते, तिथून उचला. नाहीच जमलं तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा घासून गोल करून घ्या. धातूचा ओरखडा रिंगवर पडला तर रिंग बदलता येते, खोबणीवर पडला तर हाऊसिंग गेलं.

पारसिकवाला
+१. खोबण साफ करायला कानात घालायचे कापसाचे बड मस्त. कोपऱ्यातही जातात.

सेक्टर_पंधरा
बडवर मोठी फुली. कापसाचा एक तंतू खोबणीत राहिला की तोच वातीसारखा पाणी आत ओढतो. फोमच्या टोकाचे स्वॅब मिळतात ते घ्या, नाहीतर मायक्रोफायबर प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीवर ताणून फिरवा. टर्किश टॉवेलही त्याच कारणासाठी नको. आणि हे काम पंख्याखाली करू नका.

वागळे_इस्टेट
नागदेवीत रिंग मिळेल का, याचं उत्तर हाऊसिंगवर आहे. गोल पोर्टची, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेच्या खिडकीची रिंग असेल तर मिळेल. नागदेवीपर्यंत जायलाही नको, वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे भागातल्या हायड्रॉलिक सीलवाल्यांकडेही मिळते. नमुना घेऊन जा आणि तीन गोष्टी सांगा: आतला व्यास, जाडी (दुकानदार ‘सेक्शन’ म्हणतो) आणि कडकपणा. दुकानात न सांगता हातात ठेवतात ती बहुतेक ७० शोअरची (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राइल. हाऊसिंगची मूळ रिंग बऱ्याचदा त्याहून मऊ असते, कारण प्लॅस्टिकचं लॅच हायड्रॉलिकच्या बोल्टएवढा दाब देऊ शकत नाही. जाडीत ०.१ मिलिमीटरचा फरकही खातो: २ मिलिमीटरची रिंग ०.४ मिलिमीटर चेपली म्हणजे दाब २० टक्के. तिथे १.९ ची बसवली तर दाब १६ टक्क्यांच्या खाली येतो. जाड बसवली तर लॅचवर ताण.

तुमचं प्रकरण मात्र दाराच्या चौकोनी रिंगचं दिसतंय. ती त्या कोपऱ्यांच्या आकारातच ओतलेली असते. गोल रिंग ताणून बसवली तर कोपऱ्यात ती पातळ होते आणि खोबणीच्या आतल्या भिंतीकडे ओढली जाते. दोरीसारखं रबर कापून सुपरग्लूने जोडून देणारेही भेटतील, हात जोडा आणि पुढे जा. मूळ रिंगच मागवा, एकदम दोन. बऱ्याच उत्पादकांची वर्षातून एकदा बदलायची शिफारस असते. दोन वर्षांची रिंग चांगली दिसली तरी बदला. दिसण्याचंच म्हणाल तर कडेने बघा. रिंगचा आडवा छेद गोल हवा, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी एका अंगाने सपाट झाली असेल तर रबराने तोच आकार धरलाय, ते आता उलटून दाबत नाही.

खाडीपूल
आणखी एक, कारण इथे ऊन आहे. हाऊसिंग बंद करून गाडीत किंवा बोटीच्या फळीवर तापू देऊ नका. ४५ अंशाला बंद केलेली हवा २७ अंशाच्या पाण्यात थंड झाली की आतला दाब सुमारे ६ टक्क्यांनी पडतो. म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर पाण्याएवढी ओढ आतून लागते. चांगली रिंग याने उलट घट्ट बसते, पण खाली केस असेल तर तेवढ्यात पाणी आत खेचलं जातं. वाफेचंही मूळ हेच: दमट हवा आत कोंडलेली, कॅमेरा चालून तापतो, पुढची काच पाण्याने गार पडते, ओलावा काचेवर बसतो.

पारसिकवाला
वाफेसाठी मग दोन पुड्या सिलिका जेल?

खाडीपूल
हो, पण पुडी कोरडी असेल तर. नव्या चपला-बुटांच्या डब्यातली पुडी आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने उघडी राहिलेली असते, ती आधीच पोट भरून बसलेली. रंग बदलणारे दाणे घ्या: निळे ओले झाले की गुलाबी होतात, केशरी हिरवट किंवा फिके पडतात. दाणे पुडीतून काढून स्टीलच्या ताटलीत पसरा, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दीड-दोन तास. निळ्यांत कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात आणि मुलांच्या हाताशी नको. गरमागरम काचेच्या बरणीत भरून झाकण लावा. आणि हाऊसिंग बंद करायचं ते एसीच्या खोलीत, एसी अर्धा तास चालल्यानंतर, कॅमेरा थंड असताना. पुडी दार बंद होताना रिंगवर सरकणार नाही अशी लेन्सच्या खालच्या पोकळीत खोचा.

येऊरपायथा
चाचणी केली. बटणांच्या आणि काचेच्या पट्ट्या कोरड्या. फक्त लॅचच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली निळी रेघ फुटली, बोटभर डाग. रिंग काढून भिंगाखाली फिरवली, स्वच्छ. मग समोरच्या चौकटीची कड बघितली, जिथे रिंग दाबली जाते. तिथे टॉवेलचा अर्धा सेंटिमीटर तंतू ग्रीसमध्ये आडवा चिकटलेला. रिंग पुसत होतो, ती कड कधीच नाही. काढून पुन्हा बादलीत अर्धा तास: सगळ्या रेघा जशाच्या तशा. पण तंतू काढल्यावर खाली एक पांढुरकी बारीक रेषही दिसते. तिचं काय?

वागळे_इस्टेट
नखाचं टोक त्या रेषेवरून आडवं फिरवा. अडकलं नाही तर नुसता डाग, सोडा. अडकलं तर दिशा बघा. रिंगच्या रेषेला समांतर ओरखडा फारसा त्रास देत नाही, रिंगला छेदून आतून बाहेर जाणारा असेल तर तो पाण्याचा पाट आहे. पॉलिश पेपर मारू नका, कड खाली जाईल. मग टॉर्च तिरका धरून बघा. रेष प्लॅस्टिकच्या आत खोल चमकत असेल, लॅचच्या मुळाकडे जात असेल, तर ती तडा आहे. पॉलीकार्बोनेटला थिनर, अॅसिटोन, डासांचं डीट असलेलं मलम लागलं की ताणाच्या जागी अशा तडा जातात. सनस्क्रीनचे हातही हाऊसिंगपासून लांब ठेवा. तडा असेल तर ग्लू लावून खाली नेऊ नका, तो भाग बदलायचा. आणि बादलीची चाचणी फूटभर पाण्याची असते. आता एकदा रिकामं हाऊसिंग वजन लावून तलावाच्या खोल बाजूला न्या, मग कॅमेरा घाला.

येऊरपायथा
नख अडकत नाही, टॉर्चमध्येही आत काही दिसत नाही. नवी रिंग आणि ट्यूब मागवली. मालवणला वेगळं काही?

सेक्टर_पंधरा
दांडीच्या किनाऱ्यावर हाऊसिंग उघडू नका, वाळू वाऱ्याने येते. आदल्या रात्री खोलीतच बंद करा, बॅटरी पूर्ण, कार्ड रिकामं, म्हणजे मध्ये उघडायची वेळ येत नाही. बोटीवर गोड्या पाण्याची एकच बादली असेल तर त्यात सगळ्यांचे कॅमेरे एकावर एक आपटतात आणि दुसऱ्याच्या हाताने लॅच उघडतं. पाच लिटरचा टब आणि गोडं पाणी स्वतःचं न्या. मीठ सुकायच्या आत त्यात टाका, निदान अर्धा तास, बटणं दाबत. नळाची धार कडेवर मारू नका. परत आल्यावर रिंग काढून पुडीत घाला आणि दार लॅच न लावता ठेवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरपर्यंत नवी रिंगही ‘डी’ होऊन बसेल.