धान्य सोडलं तर आपण खरंच निरोगी होऊ का?

रानवाट (धागाकर्ता)
वडिलांना ५१ व्या वर्षी मधुमेह निघाला, मला ३९ व्या. गेले आठ महिने मी धान्य आणि साखर पूर्ण बंद केली आहे. वजन ११ किलोंनी उतरलं, उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली. तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे: माणूस चुकला कुठे?

माझं उत्तर, शेतीपाशी. माणसाचं शरीर लाखो वर्षं शिकार, कंदमुळं, फळं, कवचाची फळं यांवर घडलं. शेती फार तर १०-१२ हजार वर्षांची. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये डिक्सन माउंड्स नावाचं जुनं दफनस्थळ आहे. तिथल्या लोकांनी इसवी सन ११५० च्या आगेमागे मक्यावर भर दिला, आणि फरक हाडांत दिसतो. दातांच्या एनॅमलमधले दोष जवळपास ५० टक्क्यांनी वाढले, रक्तक्षयाच्या खुणा चौपट झाल्या, जन्मावेळचं सरासरी आयुर्मान २६ वरून १९ वर आलं. पोट भरलं, पण माणूस खंगला. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

सुगी
तुमची साखर आटोक्यात आली याचा मनापासून आनंद आहे. निष्कर्षाशी मात्र साफ असहमत.

धान्य शेतीसोबत आलं हेच मुळात खरं नाही. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे २३ हजार वर्षांपूर्वीचे लोक रानटी सातू गोळा करून दगडावर भरडत होते. जॉर्डनमध्ये शुबायका इथल्या चुलीत १४ हजार वर्षांपूर्वीच्या पोळीसारख्या भाकरीचे जळके तुकडे सापडले, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्या किमान चार हजार वर्षं आधी. शरीरही तेव्हापासून गोठून राहिलेलं नाही. पिठूळ पदार्थ पचवणारं लाळेतलं अमायलेज हे विकर ज्या जनुकातून बनतं, त्याच्या प्रती पिष्टमय आहार घेत आलेल्या समाजांत सरासरीने जास्त असतात. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता तर गेल्या १० हजार वर्षांतच पसरली.

आणि हाडांबद्दल एक गोष्ट. दफनभूमीत आपल्याला फक्त मेलेले भेटतात. आजाराची खूण हाडावर उमटायला माणूस तो आजार काढून काही काळ जगावा लागतो. जो पहिल्याच तापात गेला त्याचं हाड स्वच्छ दिसतं! म्हणून जास्त खुणा म्हणजे जास्त रोगट समाज, असं सरळ गणित मांडता येत नाही. १९९२ पासून या विषयातले लोक यावर वाद घालत आहेत.

दंतवैद्य
एनॅमलचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण तो दोष मी रोज पाहते. लहानपणी मूल मोठ्या आजारातून किंवा उपासमारीतून गेलं की तेवढे दिवस एनॅमल बनणं मंदावतं. पुढे दात उगवतो तेव्हा त्यावर आडवी बारीक खाच असते. नखाने हळूच ओढलं तर ती लागते. खाच दाताच्या टोकापासून किती अंतरावर आहे त्यावरून ते आजारपण साधारण कितव्या वर्षी आलं हेही सांगता येतं. ही खाच कधीच भरून येत नाही. हजार वर्षांनीही ती तशीच असते, म्हणून दात हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे.

पण तोच साक्षीदार धागाकर्त्यांच्या विरोधातही बोलतो. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट गुहेतले लोक शेतकरी नव्हते, जवळजवळ १५ हजार वर्षांपूर्वीचे. तरी त्यांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले. ओकची फळं आणि पाइनच्या बिया, म्हणजे चिकट पिठूळ खाणं, हे त्याचं कारण मानलं जातं. जंतूंना पिष्ट पेरलेलं की वेचलेलं, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

एका बाबतीत मात्र मी रानवाट यांच्या बाजूची आहे. अन्न मऊ होत गेलं तसे जबडे लहान राहू लागले. अक्कलदाढ अडकलेले तरुण माझ्याकडे दर आठवड्याला येतात. जबडा पुरता वाढायला वाढीच्या वयात चावण्याचे कष्ट लागतात, आणि ते आपण मुलांकडून काढून घेतले.

रानवाट
ताफोराल्टचं माहीत नव्हतं, आभार. पण ते एकच उदाहरण. हृदयविकार, रक्तवाहिन्या कडक होणं, हे तरी आधुनिक आहे ना?

मध्यरात्र
नाही. २०१३ मध्ये चार ठिकाणच्या १३७ ममींची सीटी स्कॅन तपासणी प्रसिद्ध झाली. इजिप्त, पेरू, नैऋत्य अमेरिका आणि अलास्काजवळची अलूशियन बेटं. ३४ टक्के ममींमध्ये रक्तवाहिन्या कडक झाल्याच्या खुणा होत्या. अलूशियन बेटांवरचे लोक शिकार आणि मासेमारीवर जगणारे. त्यांच्या पाचपैकी तिघांत त्या सापडल्या. (बंद घरातला धूर, सततचे जंतुसंसर्ग हीही कारणं असू शकतात, म्हणून मी शिकारीला दोष देत नाही.)

आता उलट टोक बघा. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांच्या हृदयाच्या धमन्या २०१७ मध्ये तपासल्या, ४० वर्षांवरचे सगळे. ८५ टक्के जणांत कॅल्शियम साचल्याची, म्हणजे धमन्या कडक होत असल्याची, खूणही नाही. हे लोक शिकार, मासेमारी करतात, पण भात, केळी, मका, कसावा स्वतः पिकवतात आणि त्यांचे जवळजवळ ७० टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. दिवसाचे बरेच तास ते अंगमेहनतीत असतात. धान्यच विष असतं तर हे लोक असे कसे राहिले असते?

कणगी
मला वाटतं आपण धान्यावर भांडतोय आणि धान्याचं काय केलं गेलं ते विसरतोय.

जपानच्या आरमाराचं उदाहरण घ्या. १८८२-८३ च्या एका लांबच्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी (पाय लुळे पाडणारा, हृदय निकामी करणारा आजार) झाला, २५ मेले. मुख्य अन्न पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ. ताकाकी कानेहिरो या नाविक डॉक्टरांनी पुढच्या जहाजाला तोच मार्ग दिला आणि फक्त जेवण बदललं. एकही मृत्यू नाही. कारण त्यांनी चुकीचं लावलं होतं, त्यांना प्रथिनांची कमतरता वाटली. पण भांड्यात काय आहे ते त्यांनी नीट पाहिलं. पुढे जावा बेटावर आयकमान या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिशच्या भातावर लुळ्या पडलेल्या कोंबड्या बिनपॉलिशच्या तांदळावर पुन्हा उभ्या राहतात. कोंड्यासोबत आपण ब१ जीवनसत्त्व फेकत होतो. तांदूळ तोच होता.

मक्याचंही तसंच. मध्य अमेरिकेतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. परिणाम पेलाग्रा: कातडी सोलवटणं, जुलाब, भ्रम, मृत्यू. १७३५ मध्ये स्पेनमध्ये त्याचं वर्णन झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात गरिबांची घरंच्या घरं त्यात गेली. पीक उचललं, पण त्याच्यामागचं शहाणपण उचललं नाही. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

सुगी
कणगी, अगदी हेच म्हणायचं होतं. शिवाय पृथ्वीवर आज ८ अब्ज माणसं आहेत. शिकार आणि कंदमुळांवर त्यातली किती जगतील? धान्य सोडा हा सल्ला मूठभरांनाच परवडतो.

रानवाट
पोट भरण्याचा मुद्दा मान्य. तो मला आधी सुचायला हवा होता.

तुमचं सगळं वाचून मी माझीच जुनी टिपणवही काढली. धान्य सोडण्याआधीच्या आठवड्याची नोंद: सकाळी गोड चहा तीनदा आणि बिस्किटं, दुपारी पाकिटातले नूडल्स, संध्याकाळी शीतपेय, रात्री पांढरा ब्रेड. वहीत अख्खं धान्य एकदाही नाही. म्हणजे मी धान्य सोडलं, की हे सगळं?

२०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत त्यांनी रोज ५०० उष्मांक जास्त खाल्ले. आणि ब्रिटनमध्ये युद्धानंतरचं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. गर्भात आणि पहिली दोन वर्षं रेशनिंगमध्ये काढलेल्या मुलांना मोठेपणी टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. माझ्या वडिलांच्या आणि माझ्या बाबतीत मला हीच दोन कारणं जास्त जवळची वाटू लागली आहेत. तरी डिक्सन माउंड्सचे दात मी डोळ्याआड करणार नाही. एकाच पिकावर विसंबणं महागात पडतं, हे मी आजही म्हणेन.

मध्यरात्र
त्याच्याशी कुणाचंच दुमत नाही. पण रानवाट, औषधं चालू असतील तर धान्य परत सुरू करताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

रानवाट
परवाच विचारलं. महिनाभर रोज एक वेळ अख्खं धान्य आणि डाळ, पाकिटातलं काहीच नाही, आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजायची, असं ठरलंय. पहिला आकडा आज रात्रीचा. महिना झाला की सगळे आकडे इथेच टाकतो, माझ्या विरोधात गेले तरी.