चर्चचं काम : केलेलं, पाहिलेलं, दारात आलेलं

डिसेंबर आला की ख्रिस्ती लोकांबद्दल केक, तारे आणि कॅरोल एवढंच लिहून येतं. बाकी अकरा महिने धर्मांतराच्या बातम्या. या दोन्हींच्या मधे बरंच काम चालू असतं, आणि ते करणारे बहुतेक जण फादर किंवा सिस्टर नसतात. बँकेत, शाळेत, दुकानात दिवस काढून उरलेल्या वेळात पिशव्या उचलणारी ही माणसं.

तुम्ही असं काम केलं असेल, जवळून पाहिलं असेल, किंवा कधी ते तुमच्याच दारात आलं असेल तर लिहा. ख्रिस्ती असण्याची अट नाही. विनंती एकच: 'सेवा हाच धर्म' छापाची वाक्यं नकोत. नक्की काय केलंत, कुठे अडलं, कुणाशी वाजलं ते लिहा. सुरुवात मीच करतो.

वसई, निवृत्त शिक्षक

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ही संस्था काढली. वादसभेत कुणीतरी टोमणा मारला होता, 'तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतं काय?' उत्तर द्यायचं सोडून ही पोरं गरिबांच्या घरी जाऊ लागली. आजही मुख्य काम तेच, घरी जायचं. एकट्याने नाही, जोडीने.

रविवारच्या मिस्सानंतर चर्चमागच्या खोलीत बैठक भरते. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कुणी पाचशे टाकले, कुणी काहीच नाही, कळायला मार्ग नसतो. ही पिशवी मला फार आवडते. आमच्याकडे देवळात काय, चर्चमध्ये काय, देणगीदाराचं नाव फरशीवर कोरायची हौस दांडगी. त्यात हा एवढा एक कोपरा बिननावाचा राहिलाय.

नालासोपाऱ्याला पूर्वेकडे एका खोलीत राहणाऱ्या मावशींकडे आम्ही महिन्याचं धान्य द्यायला जातो. नवरा गेलेला, मुलगा नीट कमावत नाही. धान्य ठेवून पाच मिनिटांत निघता येतं, पण त्या चहा टाकतात. दूध अर्धी पिशवी, त्यातलंच. माझे जोडीदार या कामात माझ्यापेक्षा जुने. पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी बजावलं होतं, "सर, चहा नको म्हणायचं नाही. तेवढं एकच आहे जे त्या आपल्याला देतात." मग चहा होतो, सुनेची गाऱ्हाणी होतात, नळाला पाणी कधी येतं ते होतं. तासभर जातो. माझ्या मते धान्य हे त्या तासासाठीचं निमित्त आहे. शाखेतल्या सगळ्यांना हे पटत नाही. एक जण म्हणतो, तेवढ्या वेळात तीन घरं झाली असती.

वाद होतात ते रोख रकमेवरून. घरात पिणारा असला की पैसे द्यायचे नाहीत, किराणा द्यायचा, असा आमचा रिवाज. पण किराणाही विकला जातो, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मुंबई, वांद्रे

पिणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर मी त्या दुसऱ्या बाजूचा. म्हणजे ज्याच्या बायकोच्या हातात लोक रोख देत नसत, तो.

मी हिंदू, घरी गणपती बसतो. ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) माझी पहिली मीटिंग एका चर्चच्या आवारातल्या शाळेच्या वर्गात झाली. मुंबईत अशा कितीतरी मीटिंगा चर्चच्या खोल्यांत भरतात. ए.ए. कुठल्याही चर्चची नाही, पण संध्याकाळी खोली उघडून देणारा, पंखा लावणारा, नंतर बाकं सरळ करणारा कुणी लागतोच. आमच्याकडे एक पेन्शनर काका होते. ते स्वतः कधीच प्यायले नव्हते, मीटिंगला बसतही नसत. किल्ली घेऊन बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचे. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्या काळात मला सगळेच काहीतरी विचारत होते, त्यामुळे हे लक्षात राहिलं.

पुढे कृपा फाउंडेशनबद्दल कळलं. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून ते काम सुरू केलं. ते पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचे शिष्य, म्हणून व्यसनमुक्तीत योगासनं. कॅथलिक धर्मगुरू पेताडांना शवासन शिकवतोय, हे आमच्या आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरोबर आहे, जा तू."

पुणे

धागा चांगला आहे, पण अप्रिय प्रश्न विचारतो. या सगळ्याच्या शेवटी धर्मप्रसार असतोच ना? धान्य आधी, पुस्तक नंतर. ओझानामच्या मित्रांचं माहीत नाही, पण आमच्या गावाकडे आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करून 'बरं वाटलं की रविवारी या' म्हणणारे मी पाहिलेत.

अहिल्यानगर

(आम्ही अजून नगरच म्हणतो.) पुण्याच्या दादांना उत्तर देतो, रागाने नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळात आमच्याकडे मिशनने खडी फोडायची, रस्त्याची कामं काढली, अन्न दिलं. त्यानंतर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, बहुतेक महार वस्त्या. माझे खापरपणजोबा त्यातलेच. 'पोटासाठी बाटले' हे आमच्या घराने चार पिढ्या ऐकलंय. खरं असेल? असेलही. पण ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, तिच्या मालकांनी त्या दुष्काळात पोटासाठी काय दिलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि पोट भरल्यावरही ते परत फिरले नाहीत, शाळेत गेले.

आता तुमच्या मुद्द्यावर. उशाशी प्रार्थना करून बोलावणारे मीही पाहिलेत, आमच्या नात्यातही आहेत. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात आपण दिलेलं ताट आहे त्याला 'नको' म्हणायची सोय राहत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत यावर एकदा चांगलीच खडाजंगी झाली. पाळकसाहेबांनी ठरवून दिलं की धान्यवाटपाच्या दिवशी पत्रकं नाहीत. दोन कुटुंबं रुसून दुसऱ्या चर्चला गेली. जाऊ देत.

दुसरं म्हणजे बूथ हॉस्पिटल. ते मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं. मुक्तिफौज १८६५ ला लंडनमध्ये सुरू झाली. १८८२ ला मुंबईत उतरली, तेव्हा त्यांच्या टकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव 'फकीर सिंग' ठेवलं होतं. हे लोक अनवाणी फिरायचे, देशी कपडे घालायचे. २०२० मध्ये कोविडचे रुग्ण याच दवाखान्यात घेत होते. आमचे शेजारी, कट्टर माळकरी, तिथे होते. घरच्यांना आत जाता येत नव्हतं. आमच्या तरुण संघाची पोरं गेटपर्यंत गरम पाणी आणि डबे पोचवायची, आतले कर्मचारी पुढे न्यायचे. काका बरे होऊन आले. माळ गळ्यातच आहे, आषाढीला जातात, आणि नाताळला आमच्याकडे करंज्या खायला येतात.

इंग्लंड, मिडलँड्स

मी नाशिकची. इथे आल्यावर व्हिसामुळे पहिलं वर्ष नोकरी नव्हती. घरी बसून वेड लागायची पाळी आली, म्हणून कोपऱ्यावरच्या चर्चमधल्या फूड बँकेत जाऊ लागले. मी ख्रिस्ती नाही, हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, "डबे उचलता येतात ना?"

या देशात भुकेल्यांसाठी फूड बँक लागते, हेच मला आधी खरं वाटेना. ट्रसेल या संस्थेच्या जाळ्यातली पहिली फूड बँक २००० साली सॉल्सबरीत निघाली. आता जवळपास प्रत्येक शहरात आहे, आणि खूपशा चर्चच्या हॉलमध्ये चालतात. थेट येऊन मागायचं नसतं. डॉक्टर, शाळा, समाजसेविका असं कुणीतरी व्हाउचर देतं, त्यावर साधारण तीन दिवसांचं सामान मिळतं.

माझं काम तारखा बघायचं. आलेला प्रत्येक डबा उलटा करून तारीख वाचायची, महिन्याप्रमाणे क्रेट लावायचे. लोक काय देतात? पास्ता आणि बीन्स. बीन्सचा डोंगर. काय कमी पडतं? टिकाऊ दूध, फळांचे डबे, ज्यूस. सुपरमार्केटात 'आज एक वस्तू जास्त घ्या' म्हणताना हात आपोआप बीन्सकडेच जातो, त्याला इलाज नाही. काही जणांकडे शेगडीच नसते, किंवा गॅस-विजेच्या मीटरमध्ये आधी घालायला पैसे नसतात. त्यांच्यासाठी फक्त किटलीतल्या गरम पाण्यावर होईल असं सामान वेगळं बांधतात. ते बांधताना मात्र जीव थोडा थोडा होतो.

एकदा गुजराती आजी आल्या. पिशवीत मांसाचे डबे होते, ते त्यांनी हळूच टेबलावर परत ठेवले. काही बोलल्या नाहीत, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी मोडक्या हिंदीत विचारलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे डाळ-तांदळाचा एक वेगळा क्रेट आहे, वर मी मार्करने 'शाकाहारी' लिहिलंय. देवनागरीत. कुणी वाचत नाही, पण आहे.

प्रार्थनेचं म्हणाल तर एक टेबल कोपऱ्यात असतं. ज्याला हवं तो जाऊन बसतो. सामान आधी मिळालेलं असतं.

बदलीवर ऐझॉल, सरकारी बँक

हे थोडं वेगळं, पण सांगतोच. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन घरांत बाई भात शिजवायला घेते तेव्हा मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. प्रत्येक वेळी. याला 'बुहफाइ थाम' म्हणतात, १९१० पासून चालू आहे. चर्चच्या बायका घरोघरून ते गोळा करतात, विकतात, आणि त्या पैशावर चर्चचं बरंच काम चालतं. सप्ताहाला घरटी धान्य गोळा करणाऱ्या गावातून मी आलेलो, मला हे लगेच कळलं. फरक एवढाच की इथे सप्ताह वर्षभर असतो. घरमालकीणबाईंना विचारलं, "कधी विसरत नाही का?" त्यांना प्रश्नच समजला नाही.

कुणी वारलं की कबर खणायला वस्तीतली तरुण पोरं जातात, आणि रात्री त्या घरी गाणी म्हणत बसतात. हे काम वाय.एम.ए.चं, म्हणजे यंग मिझो असोसिएशनचं, ती चर्चची संस्था नाही. पण तीच पोरं, तीच गाणी. माझ्या शाखेतला शिपाई सकाळी डोळे चोळत आला की कुणी कारण विचारत नसे.

ठाणे, चर्चचा युवा गट

चिपळूण, २०२१. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आम्ही आठवड्याने गेलो. निघण्याआधी तिथल्या ओळखीच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "हात जोडतो, बिस्किटं आणू नका. आणि जुने कपडे तर नकोच." तेव्हा खराटे, फावडी, घमेली, फिनेल, रबरी बूट आणि हातमोजे नेले. रस्त्यात चौकाचौकात कपड्यांचे भिजलेले ढीग. त्यात लग्नातले शालू, कोट, एका पायाचे बूट. देणाऱ्याचं कपाट रिकामं झालं, बाकी काही झालं नाही.

एका पिठाच्या गिरणीत दोन दिवस चिखल काढला. पाण्यात कुजलेल्या धान्याचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. मालक दिवसभर गप्प. संध्याकाळी विचारलं, "कुठल्या पक्षाचे तुम्ही?" चर्चचे म्हटल्यावर म्हणाला, "मग फोटो का काढला नाहीत?" झोपायला एका देवळाचा सभामंडप मिळाला, खिचडी तिथल्याच मंडळाने दिली. आमच्यातल्या एकाला वाटलं, चर्चचा बॅनर लावावा. बाकीच्यांनी तो घडी करून टेम्पोत खाली घातला, चिखलाचे बूट त्यावर ठेवले.

राहुरी तालुका, महिला मंडळ

मोठं लिहायला येत नाही. आमच्याकडे कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, दिवाळीनंतर. बीडकडच्या जास्त. नवरा-बायको पहाटे फडात, पोरं कोपीवर, म्हणजे खोपटात. मोठी पोरगी लहान्याला सांभाळती, म्हणून तिची शाळा बुडती. आम्ही मंडळातल्या बाया आळीपाळीने दुपारी कोपीवर जातो. बाराखडी, पाढे, गाणी. येशूची गाणी नाही घेत, मुकादम म्हणला होता त्याची कटकट नको, आणि आम्हालाही पाढेच घ्यायचे होते.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात टोळी जाती. पुढच्या सालाला तीच पोरं येतील असं नसतं, मुकादम बदलला की कारखाना बदलतो. म्हणून आम्ही आता प्रत्येकाच्या वहीत मागच्या पानावर लिहून देतो, याला कुठवर येतं. पुढच्या बाईला सोपं जावं, कुणीही असो.

वाचणाऱ्यांना एक सांगते. पाट्या-पेन्सिली लई येतात. थंडीत कोपीत वारा शिरतो, पोरांना स्वेटर लागतात, आठ ते बारा वर्षांच्या मापाचे. धुऊन द्या, बटणं बघून द्या.