गोव्यात दिलेले गुण, घरी उरलेले गुण

मांडवीकाठ
माझ्याकडे एक चिटुकली वही आहे. चाखलेल्या प्रत्येक वाइनला तिच्यात १० पैकी गुण देते. जाणकार १०० पैकी देतात, कुणी २० पैकी. मला १० च झेपतात. परवा वही चाळताना सापडलं: मिरामारला संध्याकाळी, रव्यातल्या मुडदुशी माशांबरोबर प्यायलेली नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन, साडेआठ. तीच, त्याच वर्षाची बाटली माहेरी पुण्यात पावसाळ्यात उघडली, वरणभाताबरोबर. सहा! मग ते अडीच गुण कुणाचे होते?

तर गोव्यात फिरताना काय चाखलंत, किती गुण दिलेत आणि ते पुढे टिकले का, लिहा. पोर्ट, उराक, फेणी सगळं चालेल, इथे सोवळं नाही. फक्त दुकानांच्या जाहिराती नकोत.

रंकाळ्याचा राजा
मे महिना, कळंगुट, दुपारचे दोन. शॅकवर शिराझ मागवली. पोऱ्या म्हणाला, "रेड आहे साहेब, रूम टेंपरेचरलाच प्यायची असते." अरे बाबा, तो रूम युरोपातला, १६-१८ अंशांचा. आमच्या टेबलावर ३३ असतील. पहिला घोट म्हणजे कोमट काढा, वर नाकात स्पिरिटचा भपका. गुण ३. बायकोने गुपचूप बाटली बर्फाच्या बादलीत ठेवली. वीस मिनिटांनी तीच वाइन साडेसहावर गेली, जांभळासारखी लागायला लागली. तेव्हापासून रेडसुद्धा आधी फ्रिजमध्ये. मित्र हसतात, हसू देत.

दादरचा पाहुणा
गोव्याच्या पोर्टला मी पहिल्यांदा ४ दिले होते, तेही भीतभीत, कारण सोबतच्या सगळ्यांना आवडली होती. खोकल्याचं औषध वाटलं. नंतर मेव्हण्याने लिस्बनहून खरी पोर्ट आणली, दोरू नदीच्या खोऱ्यातली. तिथे द्राक्षरस आंबत असताना मध्येच द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, न आंबलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. ती प्यायल्यावर गोव्याच्या पोर्टला अडीचवर आणणार होतो.

पण त्या डिसेंबरात साळगावला ओळखीच्या बाईंकडे नाताळची संध्याकाळ होती. त्यांनी इवल्याशा पेल्यात तीच स्वस्तातली पोर्ट दिली आणि सोबत बेबिंका हे गोव्याचं गोड पक्वान्न, घरचं, थर मोजता येतील असं. जायफळ, नारळाचं दूध, भाजलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा, त्यावर ती गोड वाइन. ७ दिले. दोरूवालीशी तिची तुलना करणं हाच माझा गाढवपणा. घरी मात्र ती फ्रूटकेकमध्येच जाते, हे खरं.

सत्तरीकर
आमच्याकडे गुण देत नाहीत, पण खेळतो.

काजू पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून, रस आंबवून पहिल्या धारेला जो उतरतो तो उराक, साधारण १५ टक्क्यांचा. पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी, ४२ च्या आसपास. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबांना त्याचं काही नव्हतं. ते बाटली हलवून बुडबुडे बघायचे, मग दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायचे आणि "बरी" किंवा "बरी न्हय" म्हणायचे. तिसरा शेरा नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर उराकात आहे. एप्रिलमध्ये लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून घ्या, ९. तोच उराक हौसेने ठेवून चतुर्थीला उघडा, ३. उराक टिकत नाही. पर्यटक मात्र ऑक्टोबरात येऊन उराक मागतात आणि मिळेल ते घेऊन खूश होतात.

सारथी
मी पीत नाही. गाडी कायम माझ्याकडे, त्यामुळे माझे गुण फक्त वासाला. एकदा नवरा पेला फिरवून फिरवून "हर्बेशस, ग्रासी" असं पुटपुटत होता. मी हुंगलं आणि म्हटलं, ही तर ढोबळी मिरची, मागे पिकत आलेला पेरू. वाढणारा मुलगा चमकला, म्हणाला, "मॅडम, सोव्हिन्याँ ब्लाँची हीच खूण." तेव्हापासून ऑर्डर मी देते. आजवरचे माझे सगळे गुण टिकलेत, कारण दुसऱ्या दिवशी मला ते आठवतात.

अकरावा पेला
पणजीत एका वाइन महोत्सवात गेलो होतो. पेला प्लास्टिकचा, वास कसला येतोय! थुंकायला भांडं ठेवलेलं होतं, पण पैसे मोजून थुंकायचं कसं, असा बाणा. वहीतली नोंद जशीच्या तशी देतो:
४ थी: आंबट, बरी, ६.
७ वी: छान.
९ वी: फार छान.
११ वी: हा माणूस भाऊ आहे.
भाऊ कोण, आजतागायत कळलेलं नाही.

मांडवीकाठ
@अकरावा पेला: पुढच्या वेळी थुंका हो. आणि तुमचे सहाच्या पुढचे गुण रद्द.

कुडाळचो
माझ्या बाटलीचे गुण डिकीत गेले. मडगावात चाखली, ८ दिले, दोन विकत घेतल्या. परमिट काढलं होतं, त्यामुळे महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर अडचण आली नाही. अडचण आधीच झाली होती: वाटेत नातेवाइकांकडे जेवायला थांबलो आणि गाडी तीन तास उन्हात. घरी बघतो तर बूच वर सरकलेलं, बाजूने गळलेली. चव उकडलेल्या मनुकांची. २. दुसरी बाटली व्हिनेगर म्हणून शागुतीच्या रश्शात घालू का, असं आईने विचारलं.

मांडवीकाठ
@कुडाळचो: शागुतीत नको, विंदालूत चालली असती. त्या मूळच्या पोर्तुगीज नावातच वाइन आणि लसूण आहेत.

बाकी, तुमचं सगळं वाचून काल पणजीत घरीच तीच शेनिन पुन्हा उघडली. नीट गार केलेली, काचेच्या पेल्यात. समुद्र नाही, वारा नाही, ताटात बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी, आणि समोर टीव्हीवर सासूबाईंची मालिका. साडेसात. त्यातला अर्धा हुमणाचा.