'बॅलन्स' म्हणजे उरलेलं की थकलेलं?

खजिनदार_नाइलाजाने

यंदा सोसायटीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. आधीच्या खजिनदारांकडून बिलाचा एक्सेल तक्ता वारशाने मिळाला. त्यात शेवटचा रकाना 'बॅलन्स'. मी त्याला हात न लावता तिमाही बिलं काढली.

तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. निवृत्त, हिशोबाला चोख, दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणणारे. त्यांचे आधीच्या तिमाहीचे ४,२०० रुपये राहिले होते, म्हणून बिलावर 'बॅलन्स ४,२००'. काकांनी छदाम दिला नाही. दोन स्मरणपत्रं गेली, तरी नाही. शेवटी मी वर गेलो. त्यांनी बसवलं, चहा दिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, माझे बेचाळीसशे तुमच्याकडे शिल्लक आहेत ना? त्यातून वळते करून घ्यायचे. दर वेळी चेक कशाला?"

काकांचं काय चुकलं? पासबुकात बॅलन्स म्हणजे त्यांचे पैसे. आमच्या बिलात बॅलन्स म्हणजे त्यांनी द्यायचे पैसे. त्याच जागी 'थकबाकी' छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चेक घेऊन ते खाली उभे असते.

मराठीत हा घोळ होतच नाही. शिल्लक म्हणजे माझ्या गाठीला उरलेलं, बाकी म्हणजे कुणाकडे तरी अडकलेलं. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे शब्द. ते सोडून आपण सगळीकडे 'बॅलन्स' लावत सुटलोय. शिंप्याच्या पावतीवर 'ॲडव्हान्स ५००, बॅलन्स ७००'. बिल्डरचं 'बॅलन्स काम'. परवा मुंजीत केटररचा माणूस विचारत होता, "काका, बॅलन्स गुलाबजाम पॅक करून देऊ?"

माझं मत स्पष्ट आहे. सायकलवरून पडण्यापुरता बॅलन्स मराठीत राहू द्या. उरलेल्या गोष्टींसाठी तो हद्दपार करावा. हाणा आता.

उगाच_एक

+१. बाकी धागा छान.

खतावणी

चाळीस वर्षं दुसऱ्यांची खाती लिहिली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमचं मूळ गृहीतकच चुकतंय. 'बॅलन्स' म्हणजे उरलेलं नव्हेच. हा शब्द लॅटिनमधल्या 'बायलँक्स'वरून आला. बाय म्हणजे दोन, लँक्स म्हणजे पारडं. दोन पारड्यांचा काटा. आता खातं डोळ्यांसमोर आणा. एक नावे बाजू, म्हणजे त्याच्याकडून येणं, एक जमा बाजू, म्हणजे त्याने भरलेलं. काकांच्या खात्यात नावे बाजूला दहा हजार आणि जमा बाजूला ५,८०० आहेत. दोन्हीकडची बेरीज सारखी यायला हलक्या बाजूला ४,२०० लिहावे लागतात. ते लिहायचे आणि खाली दुहेरी रेघ मारायची. तो ४,२०० चा आकडा म्हणजे बॅलन्स. पारडी समपातळीत आणायला जे घालावं लागतं ते. ते कुणाचं आहे, हे तो आकडा सांगत नाही. ते बाजू सांगते. प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायची ही द्विनोंदी पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून सांगितली, तेव्हापासून हे असंच आहे.

आणि पासबुकातली 'माझी शिल्लक' म्हणता ना, ती बँकेच्या वहीत काय असते? देणं. तुम्ही बँकेला उसने दिलेले पैसे, म्हणून ते ठेवींचे आकडे बँकेच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतात. तुमची शिल्लक ती बँकेची बाकी. एकच आकडा, दोन वह्या. इंग्रजीने दोन्हीला एकच शब्द ठेवला त्यात आळस नाही, उलट नेमकेपणा आहे. चूक तुमच्या बिलाची. नुसतं 'बॅलन्स' छापून बाजू छापली नाही.

खजिनदार_नाइलाजाने

खतावणीसाहेब, सगळं कबूल. पण काकांना बिलाबरोबर पाचोली वाचायला पाठवू का? बिल हिशोबनिसासाठी नसतं, भरणाऱ्यासाठी असतं. ज्या शब्दाचा अर्थ लागायला आधी वही कुणाची ते विचारावं लागतं, तो शब्द बिलावर नको, एवढंच म्हणतोय. आणि तुम्ही स्वतः रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, वर इतकी वर्षं काय लिहिलंत? 'श्री शिल्लक' की 'श्री बॅलन्स'?

खतावणी

श्री शिल्लक. तेवढा गुण तुमचा.

सरवा

मी धागाकर्त्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. बिलाचं तुमचं तुम्ही बघा. मला त्या गुलाबजामांचं वाईट वाटलं.

आमच्याकडे ऊस. ऊस तुटला की शेतात राहतं ते पाचट. रस निघाला की राहतं ते चिपाड. कारखान्यात साखर निघून गेल्यावर राहते ती मळी. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटतो तो खोडवा. ज्वारी काढली की रानात राहतात ती धसकटं, अनवाणी चाललात तर कळतील. आणि कापणी झाल्यावर रानात मागे राहिलेली कणसं गरिबाघरची माणसं वेचून न्यायची, तो सरवा. माझी आजी सरवा वेचायला जायची आणि तिने ते कधी लपवलं नाही, म्हणून हे नाव घेतलंय.

घरात या. लोणी कढवल्यावर तळाला राहते ती बेरी, तिच्यात साखर घालून आम्ही भांडायचो. पातेल्याला लागते ती खरवड. तीळ गाळून राहते ती पेंड. ताटात राहिलं ते उष्टं, डब्यात राहिलं ते शिळं. दोन्ही उरलेलंच, पण शिळं आपण खातो, उष्टं दुसऱ्याला देत नाही. देवावरून उतरलेली फुलं कोमेजली तरी कचरा म्हणायचं नाही, ते निर्माल्य.

काय उरलं, कशातून उरलं, त्याचं पुढे काय करायचं, हे सगळं त्या शब्दातच आलं. 'बॅलन्स' म्हटलं की फक्त नग उरतात. बारा गुलाबजाम.

हडसनकाठी

सरवाताई, वाचून भूक लागली, पण हा सामना बरोबरीचा नाही. तुम्ही आपल्या रानातले शब्द त्यांच्या दुकानातल्या शब्दासमोर उभे केलेत. इंग्रजीतही धसकटाला 'स्टबल' आहे, दारूच्या तळच्या गाळाला 'लीज' आहे, थानातल्या उरलेल्या कापडाला 'रेम्नंट' आहे. शेती सुटली की ते शब्द त्यांच्याही तोंडातून जातात. त्यात बॅलन्सचा दोष काय?

मी अमेरिकेत बरीच वर्षं काढली. ऑफिसात रोज ऐकायचो, 'बॅलन्स ऑफ द वीक', म्हणजे उरलेला आठवडा. गंमत म्हणजे यावर त्यांच्यातच जुनं भांडण आहे. रिचर्ड ग्रँट व्हाइट नावाच्या अमेरिकी समीक्षकाने १८७० मध्ये लिहून ठेवलंय की 'उरलेलं' या अर्थाने बॅलन्स म्हणणं हा किळसवाणा प्रकार आहे. बॅलन्स म्हणजे खात्याच्या दोन बाजूंमधला फरक, दुसरं काही नाही. अँब्रोझ बिअर्स या अमेरिकी लेखकानेही १९०९ मध्ये तोच शेरा मारला, की हा व्यापाऱ्यांचा शब्द आहे, हिशोब मिटवण्यापुरता. खतावणीसाहेब, तुमचे पूर्वजच म्हणायचे. लोकांनी ढुंकून पाहिलं नाही.

आता आपल्या घरात बघू. 'बाकी' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि दफ्तरात बसला. वजा करून बाकी, ती वजाबाकी. थकलेली बाकी, ती थकबाकी. कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला. इथपर्यंत सगळं हिशोबाचं. मग तो वहीतून उठून गप्पांत येऊन बसला. फोनवर "बाकी काय विशेष?" विचारताना आपण कुणाचं देणं विचारतो? "बाकी पोरगा हुशार आहे हो" म्हणताना काय वजा केलेलं असतं? (बहुतेक मार्क.)

व्यापाऱ्याचा परका शब्द वहीतून निसटून सगळीकडे पसरला, हीच तुमची तक्रार ना? मग पहिला आरोपी बाकी. आणि तुमच्या धाग्यावरची पहिली प्रतिक्रिया परत वाचा.

उगाच_एक

मी काय केलं?

खजिनदार_नाइलाजाने

हडसनकाठी, हसलो. पण 'बाकी'ला मुरायला काही शतकं मिळाली आणि मुरताना त्याने शिल्लक, शेष, उरलंसुरलं यातल्या कुणालाही घराबाहेर काढलं नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी जमा, खर्च, वजा, बाकी हे टिकलेच. कारण ते मराठी होऊन गेले होते. 'बाकीचे' म्हणतो, 'बाकीच्यांना' म्हणतो, विभक्ती लागते. 'बॅलन्सचे लोक पुढच्या गाडीने येतील' असं म्हणून दाखवा बरं.

हडसनकाठी

आमच्या साईटवरचा मुकादम रोज म्हणायचा.

बिनमुद्रांक

वकिली चष्म्यातून थोडं अवांतर. इंग्रजी कायद्याने मात्र बॅलन्सवर फारसं भागवलेलं नाही. मृत्युपत्रात सगळ्यांना वाटून राहतं ते 'रेसिड्यू', ते ज्याला मिळतं तो वेगळा वारस. त्या ओळीवरून सख्खे भाऊ कोर्टात येतात, कारण 'उरलेलं' लिहिताना बापाला वाटलेलं असतं चार भांडी राहतील, आणि नंतर त्याच 'उरलेल्या'तल्या जमिनीला भाव येतो. राज्यघटनेतही उरलेलं आहे. अनुच्छेद २४८ : राज्यांच्या विषयांच्या राज्यसूचीत आणि केंद्र-राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत जे नाही ते सगळं संसदेकडे, अवशिष्ट अधिकार. उरलेलं म्हणजे किरकोळ, असं समजू नका.

तागडी

इतका वेळ वाचत होते. खतावणींनी काटा काढला म्हणून लिहिते.

वडिलांचं किराणा दुकान होतं. छताच्या हुकाला लोखंडी दांडीची तागडी टांगलेली. डावं पारडं कधीतरी पडून चेपलं होतं, त्याचा काठ ठोकून सरळ करताना तुकडा गेला, म्हणून ते हलकं. रिकाम्या तागडीचा काटा मधे यायचा नाही. वडिलांनी काय केलं, तर एक चपटा खडा सुतळीने डाव्या पारड्याच्या साखळीला बांधला. तो बांधला की काटा बरोबर मधे. गिऱ्हाइकाला संशय आला की ते दोन्ही पारडी रिकामी करून दाखवायचे आणि माल चढवायच्या आधी काटा दिसेपर्यंत थांबायचे. दुकान उघडल्यावर पहिलं काम खडा जागेवर आहे का ते बघणं, उदबत्ती नंतर.

त्या खड्याला पासंग म्हणतात. "त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढ्यापुरताच तो शब्द आता उरलाय, आणि म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक पासंग म्हणजे काय ते सांगू शकणार नाहीत.

खतावणी म्हणतात तो ४,२०० चा आकडा, हलक्या बाजूला घालायचा, दोन्ही बाजू सारख्या करणारा, तो हाच. तुमच्या इंग्रजी बॅलन्सला मराठीत नेमका शब्द हवा असेल तर तो शिल्लकही नाही आणि बाकीही नाही. शिल्लक आणि बाकी वजाबाकीतून आले. पासंग काट्यातून आला. तोही फारसीच आहे म्हणे, असू दे.

बिलावर 'पासंग ४,२००' छापा असं सांगत नाहीये. काका हार्ट ॲटॅकने जातील.

खतावणी

एवढी वर्षं ताळेबंद जुळवले, हे कधी सुचलं नाही. आमच्या मास्तरांनी दुहेरी रेघ शिकवली, खडा दाखवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पण ताई, एक फरक आहे. पासंग मालाच्या हिशोबात धरत नाहीत, तो कायम लटकलेला असतो. बॅलन्स पुढच्या पानावर ओढायचा असतो. या पानाची अखेरची शिल्लक ती पुढच्या पानाची आरंभीची.

तागडी

खडाही दुसऱ्या दिवशी तिथेच असायचा हो.

सरवा

हे बरं केलंत. मी उगाच चिडले होते त्या शब्दावर. गुलाबजामांचा राग मात्र कायम. उरलेले म्हणा, राहिलेले म्हणा.

एसटी_विदाऊट_सीट

सगळे पंडित जमलेत म्हणून एक व्यावहारिक शंका. कंडक्टर सुटे नसले की तिकिटाच्या मागे पेनने '१३' लिहून देतो आणि "उतरताना घ्या" म्हणतो. ते तेरा रुपये माझी शिल्लक, त्याची बाकी, की बॅलन्स? कारण मी ते दर वेळी स्टँडवर उतरून चहा प्यायला लागल्यावर आठवतो.

बिनमुद्रांक

त्याला कायद्यात दान म्हणतात.

खजिनदार_नाइलाजाने

अपडेट देतो.

इथली चर्चा वाचून रविवारी तक्ता दुरुस्त केला. 'बॅलन्स' काढला. 'शिल्लक' टाकता येत नव्हतं, नुसतं 'बाकी' मोघम वाटलं, 'थकबाकी' छापलं तर बायका मीटिंगमध्ये म्हणणार की आम्हाला बुडवे ठरवलं. म्हणून खतावणीसाहेबांचं ऐकून बाजूसकट छापलं : 'येणे बाकी ४,२००'. मराठीही झालं, दिशाही आली. स्वतःवर खूश होतो.

काल संध्याकाळी काका बिल घेऊन खाली आले. चष्मा कपाळावर, बोट त्या रकान्यावर.

"हे बरं केलंस मराठीत. फक्त मला एक सांग, येणे म्हणजे मला येणे की तुम्हाला येणे?"

पुढच्या तिमाहीपासून रकान्याचं नाव 'तुम्ही भरायचे रुपये'. छापखान्यात टाकलंय. काकांनी ४,२०० चा चेक दिला, व्याज माफ करावं असा अर्ज जोडून.