अमेरिकेत बंदुकीचा खटला: डीएच्या हातात नेमकं किती?

ओसरीवरून

अमेरिकेतल्या शस्त्र-कायद्यांच्या बातम्या येतात त्या विधिमंडळाच्या नाहीतर सर्वोच्च न्यायालयाच्या. प्रत्यक्षात खटला उभा करतो तो काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सरकारी वकील, डिस्ट्रिक्ट अटर्नी किंवा डीए, आणि तोही बहुतेक ठिकाणी निवडून आलेला. म्हणून इथल्या जाणकारांना तीन प्रश्न. 'हा कायदा आमच्या काउंटीत राबवणार नाही' असं डीए म्हणू शकतो का? त्याने सोडून दिलं तर केंद्राचे वकील त्याच माणसाला धरू शकतात का? आणि प्ली बार्गेनमध्ये (कबुलीच्या बदल्यात सौम्य आरोप, अशा सौद्यात) कोणत्या कलमाची कबुली दिली यावर पुढचा बंदूक बाळगण्याचा हक्क ठरतो म्हणतात, ते कसं?

रुजवात

पहिल्याचं उत्तर: एकेका प्रकरणात हो, सरसकट घोषणा करून मात्र अवघड.

पुरावा कच्चा आहे, आरोपी पहिल्यांदाच सापडलाय, परवाना गेल्याच आठवड्यात संपलाय, अशा कारणांनी खटला न भरण्याची मुभा डीएला आहे आणि न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही. पण 'अमुक कलम लावणारच नाही' असं धोरणच जाहीर केलं की राज्य मध्ये पडू शकतं. टेक्सासने २०२३ मध्ये कायदा करून असं धोरण हे डीएला पदावरून काढायचं कारण ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर प्रकरण डीएकडून काढून अटर्नी जनरलकडे देऊ शकतो.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, घोषणा वेगळ्या मोजायच्या. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये असॉल्ट वेपन्सवर (लष्करी धाटणीच्या बंदुकांवर) बंदी आणली तेव्हा कितीतरी शेरीफांनी 'राबवणार नाही' म्हणून जाहीर केलं. त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की त्यांचे डेप्युटी बंदुकांची नोंदणी तपासत फिरणार नाहीत. स्टेट पोलिसांनी तेच प्रकरण आणलं तर निर्णय स्टेट्स अटर्नीचा. (तिथे डीएला स्टेट्स अटर्नी म्हणतात, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अटर्नी. काम तेच.)

बंदुकीचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या नावाने काउंट्या 'बंदूक-कायदे इथे राबवणार नाही' असे ठराव करतात, त्या 'सेकंड अमेंडमेंट सँक्चुअरी' ठरावांच्या बाजूने प्रिंट्झ खटला (१९९७) फार मिरवला जातो. त्यातून एवढंच निघतं की केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना केंद्राच्या कामाला जुंपू शकत नाही. काउंटीने स्वतःच्या राज्याचा कायदा धुडकावायला त्यात काही आधार नाही, कारण काउंटीला अधिकार मिळतात तेच राज्याकडून. उलट्या बाजूने मिसूरीने २०२१ मध्ये केंद्राचे काही बंदूक-कायदे राज्यापुरते 'अवैध' ठरवून पाहिले. २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने तो कायदा रद्द केला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो रद्दच राहिला.

दुसरी पाळी

दुसऱ्या प्रश्नाला 'गॅम्बल' (२०१९) हा खटला हेच सरळ उत्तर आहे. अलाबामात एकाच पिस्तुलासाठी आधी राज्याने शिक्षा दिली, मग केंद्राने. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सत्ता आहेत, त्यामुळे ही एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा ठरत नाही. डीएने मुळात आरोपच ठेवला नसेल तर मग अडचणच नाही.

केंद्राचं नेहमीचं कलम म्हणजे ९२२(जी)(१): एक वर्षाहून जास्त शिक्षेस पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने बंदूक बाळगणे. कमाल शिक्षा आधी १० वर्षं होती, २०२२ पासून १५. सिद्ध काय करायचं? जुनी दोषसिद्धी, बंदूक जाणूनबुजून ताब्यात होती, आपण असे 'दोषी' आहोत हे त्याला माहीत होतं ('रेहाइफ', २०१९ या निकालानंतर हा मुद्दा आला), आणि ती बंदूक कधीतरी राज्याची हद्द ओलांडून आली. शेवटचा मुद्दा ऐकायला जड वाटतो, प्रत्यक्षात एटीएफ या केंद्राच्या शस्त्र-तपास यंत्रणेचा जाणकार येऊन 'हे पिस्तूल या राज्यात बनतच नाही' एवढं सांगतो आणि काम भागतं. म्हणूनच जुने गुन्हे असलेला आरोपी सापडला की स्थानिक कार्यालय फाइल यूएस अटर्नीकडे, म्हणजे केंद्राच्या वकिलाकडे, सरकवतं. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये १९९७ ला 'प्रोजेक्ट एक्झाइल' या नावाने हेच पद्धतशीर सुरू झालं होतं.

खटले पडतात ते मात्र फार साध्या ठिकाणी. गाडीत चार माणसं, पिस्तूल सीटखाली: ताबा कोणाचा? शस्त्रावर वापरण्याजोगे बोटांचे ठसे क्वचितच मिळतात. डीएनएचा स्वॅब घेण्याआधी पोलिसाने ते हातमोज्यांशिवाय उचलून मॅगझिन काढलं असेल तर बचावाचं निम्मं काम तिथेच झालं. त्याहून मोठं कारण म्हणजे झडती. गाडी अडवायला पुरेसं कारण नव्हतं असं ठरलं की बंदूक पुराव्यातून बाद, आणि बंदूकच नाही तर खटला कशाचा? न्यूयॉर्कमध्ये शस्त्र चालू स्थितीत आहे हेही दाखवावं लागतं, म्हणून प्रयोगशाळेत गोळी झाडून पाहिल्याचा अहवाल वेळेत हवा.

बारीक अक्षर

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तिथे कायद्यापेक्षा कागद मोठा.

१९९६ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीने कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यात, म्हणजे मिसडिमिनरमध्येही, बंदुकीवर बंदी आणली: कलम ९२२(जी)(९). अट अशी की ज्या कलमाखाली दोषी ठरला त्यात शारीरिक बळाचा वापर, तसा प्रयत्न, किंवा प्राणघातक शस्त्राची धमकी हा घटक असला पाहिजे. 'कॅसलमन' (२०१४) प्रमाणे नुसता आक्षेपार्ह स्पर्शही पुरतो. आता तीच मारहाण, तोच आरोपी. पण डीएने 'डिसऑर्डरली कंडक्ट'वर (नुसत्या गैरवर्तनावर) कबुली मान्य केली. त्या कलमात सहसा बळाचा घटक नसतो, मग बंदी लागत नाही. घाईच्या कोर्टात असे सौदे पाचेक मिनिटांत होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही की त्यात एक बंदी निघून गेली.

नात्याचा उल्लेख हा दुसरा खड्डा. 'हेज' (२००९) प्रमाणे नातं हा राज्याच्या कलमाचा घटक नसला तरी चालतं, पण नंतर ते सिद्ध करावं लागतं. नोंदीत नुसतं 'असॉल्ट' (मारहाण) असेल तर बंदूक-विक्रीआधी पार्श्वभूमी तपासणाऱ्याला कोर्टाकडून कागद मागवावे लागतात. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक विकू शकतो. म्हणून जाणते वकील कबुलीच्या वेळीच 'पीडित ही आरोपीची पत्नी' हे रेकॉर्डवर बोलून घेतात. आरोपीला वकील होता किंवा त्याने तो समजून नाकारला हेही नोंदलेलं हवं, नाहीतर ती दोषसिद्धी या बंदीसाठी धरलीच जात नाही.

आणि घरात आधीच असलेल्या बंदुका कोणी, कधी जमा करायच्या याची पद्धत केंद्राच्या कायद्यात नाही. काही राज्यांत आहे. जिथे नाही तिथे डीएने शिक्षेच्या वेळी तारखेसह आदेश आणि जमा केल्याची पावती मागितली नाही तर बंदी फायलीतच राहते.

कोपरखळी

रुजवात, एक भर: सगळीकडे डीएला इतकी ढील नसते. न्यू जर्सीत प्रॉसिक्युटर निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो. तिथल्या ग्रेव्हज ॲक्टखाली बेकायदा पिस्तूल बाळगल्यास किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. त्यातून सूट हवी तर वेगळा अर्ज लागतो आणि त्याला प्रॉसिक्युटरची संमती फार महत्त्वाची. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा बंदूक-परवाना असलेली एक बाई पिस्तुलासह तिथे पकडली गेली. प्रॉसिक्युटरने आधी सवलत नाकारली, २०१४ मध्ये दिली, २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. कायदा तोच होता.

बचाव पक्षासाठी: दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आक्षेप खालच्या कोर्टातच नोंदवा. 'ब्रुएन' (२०२२) या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदूक-हक्कावरच्या निकालानंतर न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी तो थेट अपिलात काढला आणि २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 'आधी मांडला नव्हता' म्हणून ऐकलाच नाही.

ओसरीवरून

बारीक अक्षर, फार उपयोगी. त्या पेनसिल्व्हेनियाच्या बाईला बंदूक घेऊन राज्याराज्यांतून जाणाऱ्यांना केंद्राचं जे प्रवास-संरक्षण आहे त्याचा आधार नव्हता का?

बारीक अक्षर

कलम ९२६ए. बंदूक निघाल्या ठिकाणी आणि पोचायच्या ठिकाणी, दोन्हीकडे कायदेशीर हवी, रिकामी हवी, बंदूक आणि काडतुसं प्रवाशाच्या हाताशी नकोत. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट त्यात धरत नाहीत. भरलेलं पिस्तूल पर्समध्ये असेल तर हे कलम जवळही येत नाही. एवढं सगळं पाळूनही फसता येतं: न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकल्यावर बॅग ताब्यात घेऊन रात्री हॉटेलात राहिलेल्या प्रवाशाला सकाळी विमानतळावर अटक झाली, आणि २०१० मध्ये थर्ड सर्किट या केंद्राच्या अपील न्यायालयाने सांगितलं की त्या रात्री बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण नाही.