शफल लावल्यापासून पुढचं गाणं मनात येईनासं झालंय. तुमचंही असंच होतं का?

तलावपाळी

कॅसेटवरचं एक गाणं संपत आलं की पुढच्या गाण्याचा सूर आपोआप मनात यायचा. मधली खरखर चालू असतानाच आपण गुणगुणायला लागायचो. ए बाजू कशानं संपते, बी बाजू कशानं सुरू होते, हे कुणी मुद्दाम पाठ केलं नव्हतं, तरी पक्कं असायचं. आता माझ्या फोनवर शंभर गाण्यांची यादी आहे. एकूण एक गाणं मीच निवडलेलं. पण ऐकते शफलवर, म्हणजे फोन वाजवेल त्या उलटसुलट क्रमाने, त्यामुळे एक गाणं संपलं की मनात काही उमटतच नाही. काय लागतंय ते बघायचं आणि नकोसं लागलं की पुढे ढकलायचं.

हे पुढे ढकलणं मला जास्त खटकतं. नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबरवरून वाशी लोकल, अर्ध्या तासाचा प्रवास. गाणं सुरू झालं की पहिल्या चार-दोन सुरांवरच निकाल लागतो, ठेवायचं की बदलायचं. सावकाश उलगडणारी गाणी यात मार खातात. एखाद्या भावगीताचं ध्रुवपद अगदी साधं असतं आणि सगळी जादू शेवटच्या अंतऱ्यात असते. तिथपर्यंत मी पोचतच नाही. आवडतं म्हणून यादीत घातलेलं गाणं महिनोन्‌महिने पुरतं ऐकलेलं नसतं, ही गोष्ट मला खरंच लागते.

शास्त्रीय संगीतात तर फारच वाईट होतं. अल्बमवर विलंबित, म्हणजे संथ भाग, एक ट्रॅक आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, दुसरा. शफल द्रुत आधी वाजवतो, मग मध्येच मालकंस हा रात्रीचा राग, तोही सकाळी साडेआठला रबाळ्याच्या आसपास, आणि त्यावर भैरवी. विलंबितात गायक एकेक सुराची जागा दाखवत वर चढतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, हात लावायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. ती वाट आपण त्याच्याबरोबर चाललेलो असतो, म्हणून द्रुतातली तान अंगावर येते. वाट न चालता तान ऐकली तर ती नुसती तयारी वाटते, गळ्याची कसरत. आणि भैरवी झाली की मैफल उठते, हे आपल्या कानात किती मुरलेलं आहे! भैरवी संपता संपता एखादं चित्रपटगीत सुरू झालं की मला अक्षरशः दचकायला होतं.

गीतरामायणाचंच घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षाहून थोडं जास्त काळ ते चाललं, एकूण ५६ गीतं. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर गायला उभे राहतात आणि तिथून कथा उलगडते. लोकांनी पुढच्या गीतासाठी आठवडा काढला आहे. माझ्या फोनवर सेतू बांधून होतो आणि मग रामाचा जन्म होतो.

तर मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. शंभर गाणी असताना त्याच त्या पाच-सात गाण्यांचा फेरा का येतो? आणि क्रमाने ऐकायची सवय कुणी पुन्हा लावून घेतली आहे का, तर ती कशी?

ऐरोलीकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, माझं काम सॉफ्टवेअरचंच आहे.

शफल म्हणजे पत्ते पिसणं. एकदा पिसले की बावन्न पाने संपेपर्यंत कुठलंच पान दुसऱ्यांदा येत नाही. त्याची रीत फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने ती संगणकासाठी सोपी करून दिली. पण तुम्ही कॅट शेवटपर्यंत वाटतच नाही. स्टेशनवर शफल दाबता, वाशीला बंद करता, संध्याकाळी पुन्हा दाबता. दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात आणि तुमच्या वाट्याला वरची सात-आठच पाने येतात.

हिशेब करून बघा. १०० गाणी, एका प्रवासात ७, आठवड्याच्या १० फेऱ्या. सरासरी ४८ गाणी आठवडाभरात एकदाही लागत नाहीत. ३६ एकदा लागतात, १२ दोनदा, आणि तीनेक गाणी तीन किंवा जास्त वेळा. लक्षात राहतात ती हीच तीन! शिवाय १०० पैकी १० गाणी एकाच गायकाची असतील, तर पूर्ण यादीत त्याची दोन गाणी कुठेतरी लागोपाठ येण्याची शक्यता ६३ टक्के आहे. पिसण्यात काही गडबड नसते, पण कानाला तसं वाटतं. लोकांच्या याच तक्रारींमुळे अ‍ॅपलने २००५ मध्ये आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका गायकाची गाणी लांब लांब ठेवायची सोय दिली. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपने २०१४ मध्ये स्वतःची पद्धत बदलून गाणी पसरवायला सुरुवात केली.

थोडक्यात, सकाळी थांबवलेली यादी संध्याकाळी तिथूनच पुढे चालू करा. शफलचं बटण पुन्हा दाबू नका.

श्रुती_नेरूळ

काकू, मला थोडं वेगळं वाटतं. आमच्या घरी कॅसेट नव्हत्याच. नाट्यसंगीत मला शफलमुळेच भेटलं. बाबांची आणि माझी गाणी एकाच फोनमध्ये होती. एकदा माझ्या गाण्यांमध्ये अचानक ऑर्गनचे सूर आले आणि मी सीवूड्सपर्यंत तेच पद परत परत लावत राहिले. क्रमाने ऐकलं असतं तर बाबांच्या फोल्डरकडे मी कधी वळलेच नसते. नवीन काही कानावर पडायला शफल हवाच.

घणसोली_भजन

माउली, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या मंडळात बहुतेक जण माथाडी, दिवसा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये काम, रात्री भजन. आमचा क्रम ठरलेला. आधी नामघोष, मग विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, मग पुढचे अभंग, गौळण आणि शेवटाला भैरवी. नवीन पोरगं टाळ घेऊन बसलं की त्याला हा क्रम कुणी शिकवत नाही. महिना-दोन महिने बसलं की पखवाजाचा ठेका बदलतानाच त्याला कळतं, आता गौळण येणार. गाणाऱ्याने एखाद दिवशी क्रम मोडला तर मागचे टाळकरी अडखळतात. मोबाइलवर मी अभंग ऐकतो, पण शफल लावत नाही. रूपाच्या अभंगाआधी गौळण लागली तर मन बसत नाही.

तलावपाळी

ऐरोलीकर, ४८ गाण्यांचा हिशेब वाचून डोळे उघडले. माझ्या लाडक्या गाण्यांतली निम्मी आठवडाभर गप्प असतात, हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

श्रुती, तुझं पटतं. ऑर्गनचे सूर ऐकून तू थांबलीस, हे फार मोलाचं आहे. पण बघ, आवडल्यावर तू काय केलंस? शफल सोडून तेच पद परत लावलंस. ओळख शफलने करून दिली, सहवास तुझा तू मिळवलास. माझं भांडण आहे ते सहवासाच्या जागीही शफल येऊन बसल्याचं. आणि तो आपोआप बसतो, हे मला जास्त टोचतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या गायिकेने मागणी केली, तेव्हा कुठे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण क्रमाने वाजवणारं केलं. कलाकाराने एवढ्या विचाराने लावलेला क्रम पाळला जावा म्हणून त्यालाच मागणी करावी लागते!

माउली, तुमच्या टाळकऱ्यांना पखवाजावरून जे कळतं, तेच मला परत हवं आहे. कालपासून जाताना एकच बडा ख्याल, म्हणजे विलंबित, ऐकते. ठाणे ते वाशी तो नेमका बसतो, आणि उतरून ऑफिसपर्यंत चालताना द्रुत. चित्रपटगीतं मात्र शफलवरच राहू देत, तिथे माझी काही तक्रार नाही.

आता एकच अडचण उरली. विलंबित आणि द्रुत कायमचे एकत्र बांधून ठेवता येतात का? माझ्याकडे बऱ्याचशा सीडीवरून उतरवलेल्या फायली आहेत.

ऐरोलीकर

येतात, ताई. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन्ही फायली उघडा, एकीच्या शेवटाला दुसरी लावा आणि एकच फाइल करून घ्या. मग शफल लावला तरी द्रुत विलंबिताच्या मागूनच येईल. फायली आयट्यून्समध्ये असतील तर जोडायचीही गरज नाही, तिथे गाण्यांऐवजी अख्खे अल्बम पिसायचा पर्याय आहे. शिवाय एखादा ट्रॅक शफलमधून वगळायची खूणही करता येते, ती भैरवीला करून टाका. अ‍ॅपवर नेटवरून ऐकता ती गाणी मात्र अशी जोडता येत नाहीत, त्यांची वेगळी यादी करून शफल बंद ठेवावा लागेल.